मेजरचं काम

“तू इथं कशाला आलास?” मी लाइलला विचारलं.

“केस कापलेत, दिसत नाही?” तो म्हणाला. “तू ज्याच्यासाठी आलास त्याच्याचसाठी. मेजर.”

हॉलिवूडजवळच्या बरबँकमध्ये, नट निवडायच्या ऑफिसबाहेरच्या खोलीत भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आम्ही सगळे बसलो होतो. सगळे पंचावन्नच्या आगेमागे, सगळ्यांचे केस बारीक कापलेले, सगळ्यांच्या अंगात गडद कोट. कुणा तिऱ्हाइताने दार उघडून डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, एकाच घरातले भाऊ मयताला जमलेत. आणि भावांसारखंच आम्हाला एकमेकांचं सगळं ठाऊक होतं. कुणाची कवळी आहे, कुणाची दुसरी बायको सोडून गेली, कुणी दारू सोडली आणि कोण सोडल्याचं नुसतं सांगतो. असल्याच खुर्च्यांवर बसून आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांच्या तोंडचा घास पळवत आलो होतो.

मी हातातली पानं पुन्हा एकदा चाळली. टीव्हीसाठी काढायच्या चित्रपटातला छोटासा प्रसंग होता. मेजर दार वाजवतो. बाई दार उघडते. तिचा मुलगा व्हिएतनाममध्ये मारला गेला, हे मेजर तिला सांगतो. बाई कोसळते. मेजरला पुढे काम नाही.

“लाइल,” मी आवाज खाली आणून म्हणालो, “काय आहे ते वाचलंस ना?”

“मला वाचता येतं, मर्व.”

“व्हर्नाला माहितेय?”

तेवढ्यात आतलं दार उघडून एका मुलीने पुकारा केला, “मिस्टर क्रोलिक?”

“क्रालिक,” लाइल म्हणाला. उठला, कोटाचं बटण लावलं आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी कळलं, मेजरचं काम त्याला मिळालं. मलाही काहीतरी मिळालं. मेजरबरोबर एक पाद्री असतो, तो मी. पाद्र्याला एकही वाक्य नव्हतं. नुसतं मागे उभं राहायचं.

लाइल क्रालिक मूळचा ओहायोतल्या पोलादाच्या गावचा. बाप भट्टीवर कामाला. दुसऱ्या महायुद्धाहून परत आल्यावर लाइल भट्टीवर गेला नाही, न्यूयॉर्कला गेला. उन्हाळ्यात गावोगावच्या जुन्या गोठ्यांमध्ये नाटकं व्हायची त्यांत कामं केली, ब्रॉडवेवर बड्या नटांच्या मागे हातात ट्रे घेऊन उभा राहिला. टीव्हीवर नाटकं थेट दाखवायचे तेव्हा त्यातही होता. चूक झाली की ती चूकसुद्धा घरोघर जायची. पुढे टीव्हीचा सगळा कारभार कॅलिफोर्नियात आला, तशी त्याने बायको व्हर्ना आणि लहानगा रसेल यांना गाडीत घातलं आणि तोही आला. व्हॅन नाइजमध्ये घर घेतलं. समोर दोन पायऱ्या आणि टॉवेलाएवढं गवत.

इथे त्याने काय केलं नाही? काऊबॉयच्या मालिकांमध्ये तो तारबाबू झाला, वाण्याच्या गल्ल्यावर बसला, पहिली जाहिरात लागायच्या आत गोळी खाऊन मरणारा बँकेचा कारकून झाला. घोडे जाऊन पोलिसांच्या गाड्या आल्या तेव्हा हॉटेलचा मॅनेजर, न्यायाधीश आणि मग डॉक्टर. “आम्ही सगळे प्रयत्न केले,” हे वाक्य त्याच्याइतक्या वेळा या देशात खऱ्या डॉक्टरांनीसुद्धा म्हटलं नसेल. त्याचा चेहराच तसा होता. विमा विकायला आलेल्या माणसासारखा. बघितलेला वाटायचा, पण कुठे ते आठवायचं नाही. एकदा बाजारात माझ्यासमोर एका बाईने त्याला अडवलं.

“अहो, तुम्ही आमचं छप्पर दुरुस्त करायला आला होतात ना?”

“हो,” लाइल म्हणाला. “अजून गळतंय का?”

“न्हाणीघरावर जरासं.”

“मी बघतो काय ते,” असं म्हणून त्याने टोपी उंचावली. बाई खूश होऊन गेली. मी हसून हसून बेजार, पण तो हसला नाही. म्हणाला, “तिचा विश्वास बसला ना? मग झालं की.”

माझा चेहराही जवळपास तसलाच. त्यामुळे क्रालिक मोकळा नसला की ऑग्डेनला, म्हणजे मला, बोलवा आणि ऑग्डेन आजारी असला की क्रालिकला, असं आमचं चालायचं. दोघांना मिळून एक धंदा पुरत नव्हता, तरी आमची दोस्ती टिकली. याचं श्रेय बायकांना. माझी पेग आणि त्याची व्हर्ना एकमेकींना रोज फोन करायच्या.

हे मेजरचं प्रकरण अठ्ठ्याहत्तर सालचं. त्याचा रसेल व्हिएतनाममध्ये होता, तो गेला एकोणसत्तरच्या वसंतात.

तेव्हा आम्ही दोघं एका नाटकात होतो. हॉलिवूडमधल्या एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात कुणीतरी थिएटर थाटलं होतं. तिथे काम करून पोट भरायचं नाही. कुणाच्या तरी नजरेत भरावं म्हणून करायचं. नाटक विनोदी होतं. म्हातारपणी लग्नाला उभा राहिलेला एक निवृत्त मास्तर, आणि त्याला त्यापासून परावृत्त करणारा मेहुणा. मेहुणा मी. मास्तर लाइल. आयुष्यात पहिल्यांदा जाहिरातीवर त्याचं नाव सगळ्यांच्या वर छापलं होतं, आणि आदल्या आठवड्यात निरोप आला होता, की शुक्रवारच्या प्रयोगाला शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राचा टीकाकार येणार आहे.

शुक्रवारी लाइल वेळेवर आला. दाढी गुळगुळीत केलेली. “आलाय का रे तो?” एवढंच त्याने विचारलं. दुसऱ्या अंकात मास्तर मागणी घालायची तालीम करतो. खुंटीवर टांगलेल्या कोटासमोर गुडघे टेकतो, कोटाची बाही हातात घेतो, आणि मग त्याला उठता येत नाही. एरवी तिथे लोक हसायचे. त्या दिवशी असे हसले की पुढचं वाक्य घ्यायला त्याला थांबावं लागलं. तो त्या बाहीला धरून कितीतरी वेळ गुडघ्यावरच राहिला आणि हशाची दुसरी लाट आली, तिसरी आली. विंगेत मीसुद्धा तोंडावर हात दाबून हसत होतो. इतकं अचूक काम मी आजवर कुणाचं पाहिलेलं नाही.

पडदा पडला. रंगपटात आम्ही शेजारी शेजारी बसून रंग पुसत होतो.

“मर्व,” तो आरशात बघत म्हणाला, “रसेल गेला.”

“कुठं गेला?”

त्याने टॉवेलाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काय झालं ते मला मागाहून कळलं. थोडं व्हर्नाकडून, थोडं शेजारच्या मिसेस इबारांकडून. त्याच दुपारी लष्कराचा एक कॅप्टन आला. दार व्हर्नाने उघडलं. त्याच्या हातात एक कार्ड होतं. त्याने विचारलं, “मिसेस क्रोलिक?” आणि व्हर्ना म्हणाली, “नाही हो, इथं कुणी क्रोलिक नाही. घर चुकलंय तुमचं.” ती दार लावूनही घेणार होती. तो कशासाठी आलाय हे तिला गणवेश बघताक्षणी कळलं होतं, आणि तेवढ्या एका क्षणापुरती ती वाचली होती. दुसऱ्या कुठल्या तरी बाईची तिला कीवसुद्धा आली होती. मग कॅप्टनने कार्डावरचं मुलाचं पहिलं नाव वाचलं.

लाइल मागच्या अंगणात मास्तरची वाक्यं घोकत होता, तो आवाज ऐकून पुढे आला. कॅप्टनने पाठ केलेलं सगळं पुन्हा म्हटलं. चौकटीकडे बघत म्हटलं, दोघांपैकी कुणाच्या तोंडाकडे न बघता. आणि लाइल म्हणाला, “थँक यू, सर.” कॅप्टन गेला. व्हर्ना बाहेर पायरीवर बसली ती घरात यायला तयार होईना. पाणी घेईना. बोलेना. लाइल तिच्यामागे दारात उभा होता. उन्हं कलली तसा तो आत गेला, दाढी केली, मिसेस इबारांना हाक मारून आणलं आणि व्हर्नाला म्हणाला, “मी आलोच.” तो परत आला तेव्हा ती तिथेच बसलेली होती. मिसेस इबारांनी तिच्या अंगावर स्वतःचा स्वेटर घातला होता.

टीकाकाराने रविवारी लाइलवर भला मोठा लेख लिहिला. या शहरात असा नट राहतो हे शहराला माहीत नव्हतं, असं काहीतरी. त्या लेखावर लाइलची पुढची कितीतरी वर्षं निघाली. आमच्या लोकांत त्या प्रयोगाची कहाणी झाली. नव्याने धंद्यात आलेल्यांना जुनी माणसं सांगायची, “नट म्हणजे क्रालिक. पोटचा पोरगा गेला त्या दिवशी लोकांना हसवून घरी गेला.” लाइलसमोर कुणी हे बोलू लागलं की तो सिगारेट आणायला म्हणून उठायचा.

व्हर्ना त्याला सोडून गेली नाही. कधी आवाज चढवल्याचंही कुणी ऐकलं नाही. स्वयंपाक करायची, त्याचे शर्ट इस्त्री करायची, गाडी बिघडली तर चित्रीकरणाला पोचवूनही यायची. पण नाटकाच्या थिएटरात तिने परत पाऊल टाकलं नाही, आणि तो कामावरून आला की “कसं झालं?” असं पूर्वी विचारायची, ते बंद झालं. पेग म्हणायची, त्या घरात जेवायला बसलं की भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलंय असं वाटतं, सगळे इतकं हळू बोलतात.

तर मेजरचं काम त्याला मिळालं, आणि चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी मला व्हर्नाचा फोन आला.

“मर्व, आत्ता कपडेपटातल्या बाईंचा फोन आला होता. लाइलच्या गळ्याचं माप हवंय म्हणे. लष्कराच्या गणवेशासाठी.”

मी हातातला पेला खाली ठेवला.

“तो त्या माणसाचं काम करणार आहे?”

“हो, व्हर्ना.”

“दारावर येतो त्या?”

“हो.”

मागे तिच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन चाललं होतं.

“साडेपंधरा,” ती म्हणाली. “सांगितलं मी तिला. आणि त्याला एक निरोप दे. मी नाही देणार. म्हणावं, नाव नीट उच्चार.”

सकाळी मी त्याला गाडीतून न्यायला गेलो. रिसीडाच्या एका गल्लीत चित्रीकरणासाठी घर भाड्याने घेतलं होतं, त्याच्या घरापासून फार लांब नव्हतं. सिग्नलला थांबल्यावर मी निरोप सांगितला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

“का घेतलंस हे काम?” मी म्हणालो. “मला द्यायचंस. मी केलं असतं आणि चांगलंच वाईट केलं असतं.”

“तू वाईटच केलं असतंस,” तो म्हणाला. मग बाहेरच बघत, “खरं सांगू? ती पानं हातात आली ना मर्व, तेव्हा पहिलं मनात काय आलं माहितेय? हे मला जमेल. मुलगा नाही आला मनात. काम आलं. आता बोल.”



दिग्दर्शक ट्रॅव्हिस नावाचा तिशीतला माणूस होता. उत्साही, वागायला चांगला, दिवसभर शेंगदाणे खाणारा. रसेलबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. आईचं काम करायला कॉनी होती, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर उमेदवारी केलेली जुनी नटी. लाइल गणवेशात बाहेर आला. त्या चेहऱ्याला गणवेश इतका शोभत होता की बघवेना.

पहिल्या खेपेला लाइलने दार वाजवलं, कॉनीने उघडलं. “मिसेस हॅलोरन?” त्याने विचारलं. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, जपून. मग पुढचं सगळं त्याने चौकटीकडे बघत म्हटलं, पाठ केल्यासारखं. कॉनी ओरडून खाली बसली. तो उभा राहिला. मी त्याच्या मागे, हातात बायबल घेऊन, गवताकडे बघत.

“कट! लाइल, छान आहे, पण थंड आहे रे,” ट्रॅव्हिस म्हणाला. “लोक या माणसाचा राग राग करतील.”

“करू देत की.”

“नको. त्यांनी आईबरोबर रडायला पाहिजे. तू मध्ये येतोयस. हात ठेव ना तिच्या खांद्यावर.”

दुसऱ्या खेपेला त्याने खांद्यावर हात ठेवला. ट्रॅव्हिसने मान हलवली. “आता बँकवाला वाटतोस. कर्ज नामंजूर झालंय म्हणून सांगायला आलेला.” लोक हसले. लाइलही हसला थोडा. मग म्हणाला, “एकदा माझ्या मनानं करू?”

ट्रॅव्हिसने उन्हाकडे बघितलं. “एकच. प्रकाश जातोय.”

तिसऱ्या खेपेला लाइलने दार वाजवलं, नाव विचारलं, आणि या वेळी तो चौकटीकडे बघत नव्हता, कॉनीच्या डोळ्यांत बघत होता. बातमी सांगितली. कॉनी कोसळली. त्याने तिला धरलं नाही, उठवलंही नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा, बेताबेताने. टोपी मांडीवर ठेवली. कॉनीला पटकथेत रडणं होतं ते ती विसरली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग तो बोलला. पटकथेत नव्हतं ते.

“मी बसतो इथं,” तो म्हणाला. “मला कुठं जायचं नाही.”

बस, इतकंच. आणि बसून राहिला. कॉनीने त्याची बाही धरली आणि आता मात्र खरीखुरी, आवाज न करता रडू लागली. समोर तीस-चाळीस माणसं उभी होती, त्यांपैकी एकही हललं नाही. गल्लीच्या टोकाला कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, ते भुंकून थांबलं. ट्रॅव्हिस ‘कट’ म्हणायचं विसरला होता. शेवटी तो म्हणाला तेव्हाही लाइल उठला नाही. कॉनीने बाही सोडेपर्यंत तो तसाच बसला.

“सुंदर,” ट्रॅव्हिस म्हणाला. “सुंदर आहे. जरा लांबलं, पण बघू.”

परतताना लाइल गाडीत झोपला. निदान डोळे मिटून पडला.

चित्रपट टीव्हीवर पुढच्या वर्षी लागला. लाइलने आम्हाला जेवायला बोलावलं. व्हर्नाने खिम्याचा मीट लोफ केला होता, बटाटे केले होते. जेवताना तिने मला सांगून टाकलं, “तुम्ही बघा. मला भांडी आहेत.” आम्ही तिघं बाहेर टीव्हीसमोर बसलो. आत नळ चालू होता. स्वयंपाकघराचं दार मात्र तिने लोटलेलं नव्हतं.

ती गल्ली आली, ते घर आलं, आणि नळ बंद झाला. मी मागे वळून पाहिलं नाही. पेगने माझा हात दाबला, त्यावरून मला कळलं की व्हर्ना दारात येऊन उभी आहे.

पडद्यावर लाइलने दार वाजवलं. “मिसेस हॅलोरन?” बातमी सांगितली. पण ती पहिल्या खेपेची, चौकटीकडे बघून म्हटलेली. कॉनीचा चेहरा मोठा होत पडदाभर झाला, तिने तोंड उघडलं, किंचाळी फुटली. आणि कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली. एक बाई दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घालत गाणं म्हणत होती.

जाहिराती संपल्या तेव्हा गोष्ट दफनभूमीत पोचली होती.

व्हर्ना हात पुसत उभी होती.

“नाव नीट म्हटलंस,” ती म्हणाली.

“हो.”

“एवढंच होतं?”

“अगं, नाही,” मी म्हणालो, “पुढं तर खरं...”

“एवढंच होतं,” लाइल म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी जीभ आवरली. व्हर्ना आत गेली आणि नळ पुन्हा सुरू झाला. गाडीत पेगने विचारलं तेव्हा तिलाही मी म्हणालो, “काही नाही, कापलं थोडं. कापतातच.”

त्यानंतर लाइल सहा-सात वर्षं जगला. कामं कमी होत गेली. नव्या मालिकांना डॉक्टरसुद्धा देखणे लागत. सिगारेटने त्याची फुफ्फुसं खाल्ली होती. जिना चढणं बंद झालं, मग चार वाक्यांपलीकडे बोलणं, मग नाकात नळी आली. शेवटचं काम त्याला मिळालं ते इस्पितळाच्या एका मालिकेत, खाटेवर पडून राहणाऱ्या रोग्याचं. मला फोन करून म्हणाला, “नळी माझी मीच घेऊन जातोय रे. खूश आहेत लोक.” एवढं बोलायलाही त्याला तीनदा दम घ्यावा लागला. खऱ्या इस्पितळात शेवटच्या दिवशी एका नर्सने त्याला विचारलं, “तुम्ही आमच्या शाळेत शिकवायला होतात का हो?” त्याने मान हलवून ‘हो’ म्हटलं. बोलता येत नव्हतं.

वर्तमानपत्राने त्याच्या मृत्यूची चार ओळींची बातमी दिली आणि वर फोटो छापला माझा. सकाळपासून पेगला सांत्वनाचे फोन. मी धास्तावून व्हर्नाकडे गेलो, म्हटलं आता ही काय म्हणेल. ती वर्तमानपत्र हातात घेऊन हसत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. “शेवटचं कामसुद्धा तूच पळवलंस रे त्याचं,” म्हणाली.

उन्हाळ्यात तिने घर विकलं. बहीण ओहायोत होती, तिच्याकडे राहायला जायचं ठरवलं. विमानतळावर सोडायला मीच गेलो. वाटेत ती म्हणाली, “मर्व, आता तो नाही. त्या दिवशी तू काय सांगत होतास? पुढं काहीतरी होतं म्हणून.”

मी सांगितलं. गाडी चालवत, रस्त्यावरून नजर न काढता सगळं सांगितलं. तिन्ही खेपा सांगितल्या. तो पायरीवर बसला ते, आणि काय म्हणाला ते.

ती समोरच्या ट्रककडे बघत राहिली.

“त्या बाईला म्हणाला?”

“कॉनीला. हो.”

“तिला.”

मला वाटलं, सांगितलं ते चुकलंच. खिडकीची काच तिने खाली केली, वर केली. विमानतळाच्या पाट्या दिसायला लागल्या. मी आपला उजवीकडच्या रांगेत गाडी घालायच्या खटपटीत.

“टोपी कुठं ठेवली होती त्यानं?” तिने अचानक विचारलं.

“कुठली टोपी?”

“बसला तेव्हा. डोक्यावरची काढली म्हणालास ना?”

मी आठवलं. “मांडीवर. उलटी. आत बोटं घालून फिरवत होता जरा.”

“हं,” ती म्हणाली. “मागणी घालायला आमच्या घरी आला होता तेव्हा तसाच बसला होता. माझ्या वडिलांसमोर.”

मी गाडी कडेला लावली, डिकी उघडली आणि तिची बॅग काढायला वाकलो. तिने मला बाजूला केलं. बॅग जड होती. दोन्ही हातांनी ओढून काढताना ती धापा टाकत होती, तरी तिने मला हात लावू दिला नाही. पदपथावर बॅग उभी केली, कोट झटकला, माझा हात हातात घेऊन दाबला आणि निघाली. काचेच्या दारापाशी गर्दी होती. एक माणूस तिला वाट द्यायला बाजूला झाला. तिने मान हलवून त्याचे आभार मानले आणि आत गेली.